पंखा ओढण्याचा वर्ग

भाऊसाहेब उपासनींना सरकारी अहवालाचा रूक्षपणा सोसत नसे. पुढचं सगळं त्यातून झालं.

ते तालुका कचेरीत कारकून होते. गाव नंदुरबारच्या पुढे, रेल्वेच्या रुळांना धरून वसलेलं. त्याचं नाव सांगत नाही, कारण उपासनींचे नातलग अजून तिथे आहेत आणि वाद घालण्यात पटाईत आहेत. साल एकोणीसशे एकोणीस. आदल्या वर्षी पाऊस यायचा तो आला नाही आणि त्याच्या जागी ताप आला. तापाने घरंच्या घरं झोपवली, आणि जे उठून बसले त्यांना खायला नव्हतं. धडधाकट माणसं सरकारी खडी फोडायला गेली. आंधळे, पांगळे, म्हातारे, ज्यांना हातोडा उचलवत नाही असे सगळे कचेरीच्या आवारात रांग धरून बसत. त्यांना धर्मादाय ज्वारी मिळे. ती वाटायचं काम उपासनींकडे होतं.

वाटपाचा अहवाल दर महिन्याला वर जाई. किती आले, किती नेलं, किती मेले, एवढंच त्यात असे. उपासनी शाळेत निबंधासाठी नावाजलेले होते. शिमग्याच्या सुमारास एका अहवालाच्या शेवटी ते लिहून गेले, ‘सदर लोकांस त्यांच्या शक्तीस झेपेल असा एखादा हलका धंदा शिकविल्यास ते आपल्या पायांवर उभे राहतील, असे नम्र मत आहे.’ त्यातले निम्मे लोक पांगळे होते, हे वाक्याच्या ओघात त्यांच्या लक्षातून निसटलं.

वरून उत्तर आलं. कल्पना स्तुत्य आहे. ज्याने सुचविली त्यानेच अमलात आणावी. वेगळा खर्च मिळणार नाही.

मामलेदारसाहेबांनी तो कागद उपासनींच्या पुढ्यात ठेवला. साहेब पेन्शनीला टेकलेले होते. ते शांतपणे म्हणाले, “उपासनी, माझी आख्खी नोकरी झाली. मी एकदाही मत दिलं नाही. नम्र तर नाहीच नाही.”

उपासनी तो कागद घेऊन घरी आले. आता सल्ल्यांना तोटा नव्हता. शेजारी छगनशेट राहत. त्यांचं कापडाचं दुकान होतं, आणि त्या साली कापडाला गिऱ्हाईक नसल्यामुळे शेटजी दिवसभर मोकळे असत. ते ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, “उपासनीभाऊ, तुम्ही कसाले काळजी करतस? त्यासले पत्रावळी लावाले शिकाडा.” कल्पना चांगली होती. फक्त पळसाला पान नव्हतं, आणि पत्रावळीवर वाढायला कुणाच्या घरात काही नव्हतं. मग दोर वळण्याचं निघालं, तर अंबाडी पिकली नव्हती. पोस्टमास्तर म्हणाले, म्हाताऱ्यांना सुईणीचं काम शिकवा. पण त्या साली गावात दुसऱ्या टोकाचं काम जास्त होतं.

एका दुपारी उपासनी कचेरीत मान मागे टाकून हताश बसले होते. वर पंखा हलत होता. लाकडी चौकट, खाली झालर, आणि भिंतीतून पलीकडे गेलेली दोरी. मामलेदारसाहेबांच्या डोक्यावरचा वारा वाहता वाहता थोडा कारकुनांनाही लागे. दोरीच्या दुसऱ्या टोकाला जेठ्या असे. मागच्या ओट्यावर बसून तो ती दोरी ओढी. त्याच्या आधी त्याचा बाप ओढत असे. बहुतेक वेळ जेठ्या झोपलेला असे, दोरी पायाच्या अंगठ्याला बांधलेली आणि पाय आपला चालूच.

उपासनी ताठ बसले. या कामाला डोळे लागत नाहीत. चालावं लागत नाही. एक हात किंवा एक पाय पुरतो. आणि उन्हाळा तर नुकता कुठे सुरू होत होता.

त्यांनी त्याच दिवशी शिक्षणासाठी एक पंखा मंजूर व्हावा म्हणून अर्ज केला. तो नामंजूर झाला. कारकुनाला सरकारी खर्चाने वारा घेता येत नाही, असा शेरा पडला. आपण वारा मागितला नसून पंखा मागितला होता, असं उपासनींनी उलट लिहून कळवलं. त्यावर दोन्ही एकच आहे, असं उत्तर आलं. तेव्हा त्यांनी पंखा आपल्याच घरात बसवायचं ठरवलं. निर्मलाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, फार विरोध केला नाही. संसारात असे झटके येतात आणि जातात, अशा समजुतीवर त्यांनी माहेरून आलेला पलंगपोस झालरीसाठी काढून दिला. सुताराने दोरीसाठी भिंतीला भोक पाडलं ते थेट देवघरात निघालं. दुसरं इतकं खाली पडलं की त्यातून मांजर येऊ लागलं. तिसरं जमलं. आत माजघरात पंखा, भिंतीतून दोरी, आणि बाहेर ओट्यावर शिकणाऱ्यांची बसायची जागा.

ज्वारी वाटून झाल्यावर उपासनींनी रांगेपुढे भाषण केलं. स्वावलंबन, उद्योग, श्रमाची प्रतिष्ठा हे सगळे शब्द त्यांनी घेतले. रांगेने ते शांतपणे ऐकलं, कारण भाषण संपल्यावर आणखी ज्वारी मिळेल असा सगळ्यांचा समज होता. ती मिळत नाही असं दिसल्यावर माणसं उठली. दुसऱ्या दिवशी काही जण येऊन सावलीत बसून गेले. अखेर दोघं टिकली. एक खात्या. त्याचा एक पाय लहानपणीच वाळला होता आणि जीभ मात्र चांगली चालत होती. दुसरी धनीबाई.

धनीबाई अक्कलकुव्याच्याही वरची, डोंगरातली. डोळ्यांत सारा येऊन पडदा धरलेला. उजेड आणि अंधार तेवढा कळे. तापात मुलगा आणि सून गेल्यावर गावचे काही लोक पोटासाठी खाली उतरले, त्यांच्यामागून ही आली. ती मोजकंच बोले, तेही पेठेत ऐकून उचललेल्या भाषेत, आणि मामलेदारापासून कुत्र्यापर्यंत सगळ्यांना ‘तू’ म्हणे. उपासनींना पहिल्यांदा ते खुपलं. निदान शिकवणाऱ्याला तरी लोक ‘तुम्ही’ म्हणतात, असं त्यांनी तिला सुचवून पाहिलं. ती म्हणाली, “तू एकलाच शे ना?” त्यावर त्यांनी तो विषय सोडून दिला.

आता, पंखा ओढायला शिकायचं तर वारा कुणाला तरी लागला पाहिजे. म्हणून उपासनी स्वतः साहेबाच्या जागी सतरंजीवर आडवे झाले आणि म्हणाले, “हं, ओढ.”

धनीबाईने खोल विहिरीतून घागर काढावी तशी दोरी खेचली. पंखा फळीवर जाऊन आदळला, आणि फळीवरचे डबे एकामागून एक साहेबांवर आले.

“हळू, धनीबाई, हळू.”

“हळू वढं ते वारा कसा येई?” भिंतीपलीकडून आवाज आला.

उपासनी कपाळाला हळद लावून पुन्हा आडवे झाले. हळूहळू तिचा हात बसला. खात्याचाही बसला असावा, पण तो दर थोड्या वेळाने दोरी सोडून देई आणि हाताला घाम येतो म्हणे.

वारा सुटला ही बातमी गल्लीत लपून राहणं शक्य नव्हतं. छगनशेट दुसऱ्याच दुपारी स्वतःची उशी घेऊन आले. “एक मानूसवर परीक्षा कशी व्हई, उपासनीभाऊ?” असं म्हणून ते उपासनींच्या शेजारी आडवे झाले. मग पोस्टमास्तर आले. मग त्यांचे मेहुणे, जे मुळात नंदुरबारला जायला निघाले होते. माजघरात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि निर्मलाबाई दुपारभर स्वयंपाकघरात कोंडलेल्या. उपासनींनी पोस्टमास्तरांना एकदा जरा सरकून निजा म्हणून सांगितलं. ते उठून निघून गेले. त्यानंतर आठवड्याच्या आत मामलेदारांकडे एक निनावी अर्ज आला. सदर कारकून भुकेल्या अनाथांकडून भरदुपारी पंखा ओढवून घेऊन घरी झोपतो, असं त्यात होतं. अर्ज निनावी असला तरी शाई पोस्टातली होती.

उपासनींना खुलासा द्यावा लागला. ‘मी झोपत नसून वाऱ्याची तपासणी करीत होतो,’ असं त्यांनी लिहिलं. आपल्या अब्रूविषयी इतकं केविलवाणं वाक्य आपल्याच हातून लिहिलं जाईल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

खुलासा पटतो की नाही हे बघायला मामलेदारसाहेब स्वतः आले, आणि आलोच आहोत तर परीक्षाही उरकू म्हणाले. आधी खात्या. त्याने तीनदा दोरी ओढली आणि चौथ्यांदा ती त्याच्या हातातून सुटून भोकातून आत गेली. नापास. मग धनीबाई. साहेबांनी पगडी काढून ठेवली, सतरंजीवर पाय लांब केले आणि बघता बघता घोरू लागले. त्यांना उठवायचं कुणी? उपासनी कोपऱ्यात हात बांधून उभे राहिले. उन्हं कलली, गुरं परत आली, दिव्याची वेळ झाली, तरी बाहेर दोरी सरकतच होती, वर नाही आणि खाली नाही, एका तालात. साहेब जागे झाले तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावर बऱ्याच वर्षांनी समाधान दिसलं. ते म्हणाले, “पास.”

उपासनींनी स्वतःच्या अक्षरात दाखला लिहिला, धनीबाईच्या हातात दिला आणि म्हणाले, “आता तू मागणारी राहिली नाहीस. कामाची झालीस. फुकट घ्यायचं नाही आता, समजलीस?”

धनीबाईने कागद चाचपून पाहिला, पदराच्या गाठीत बांधला आणि मान हलवली.

पुढच्या वाटपाला ती रांगेत होती. मामलेदारसाहेबांनी तिला ओळखलं. त्यांनी उपासनींना बाजूला घेतलं आणि समजावून सांगितलं की धर्मादाय धान्य हे काम करण्यास असमर्थ असलेल्यांना असतं. ही समर्थ आहे. तसा सही-शिक्क्याचा दाखला तिच्याजवळ आहे आणि तो आपणच दिला आहे.

“पण साहेब, तिला अजून काम कुठे आहे?”

“ते नियमात नाही. आणि शिकलेल्यालाही फुकट द्यायचं असेल तर शिकवलं कशाला?”

उपासनी सूप हातात घेऊन धनीबाईपुढे आले आणि तिला न वाढता पुढे सरकले. ती पदर पसरून बसली होती. शेजारणीच्या पदरात ज्वारी पडल्याचा आवाज तिने ऐकला आणि आपला पदर आवरून घेतला. तिच्या पलीकडे खात्या होता. आपल्या पंच्यात ज्वारी घेत तो हळूच म्हणाला, “म्हनीसन ते मी दोरी सोडी दिनी, भाऊसाहेब.”

उपासनींनी त्या दुपारी जेवण केलं नाही. दुसऱ्या सकाळपासून ते धनीबाईसाठी काम शोधायला निघाले. वकिलांकडे पंखा होता, पण पक्षकार नव्हते, त्यामुळे घामही नव्हता. स्टेशनमास्तर म्हणाले, आमच्याकडे गाडी आली की वारा येतो. कापसाचा जिन बंद पडला होता आणि त्याचा मालक आपल्याच घरी बसून आपल्याच हाताने विंझणा हलवत होता. छगनशेटनी मात्र दारातून परत पाठवलं नाही. त्यांनी पाणी दिलं, बसवून घेतलं आणि समजुतीने सांगितलं, “उपासनीभाऊ, वारा लेवाले बी आंगमा ताकद लागस. औंदा कोनपा शे?”

गावात चालू पंखा एकच उरला, कचेरीतला. उपासनींनी आपण होऊन साहेबांना काही सुचवलं नाही, असं ते पुढे शपथेवर सांगत. ते एवढंच म्हणाले होते की बाईला कुठेच जागा नाही. साहेबांना त्या दुपारची झोप आठवली असावी. त्यांनी हुकूम काढला. पंखा ओढण्याच्या जागेवर रीतसर शिकलेल्या आणि दाखला असलेल्या इसमास नेमावे. जेठ्याकडे दाखला नव्हता.

जेठ्या उपासनींच्या टेबलापुढे येऊन उभा राहिला. इतक्या वर्षांत तो पहिल्यांदाच भिंतीच्या या बाजूला आला होता. त्याने वर पंख्याकडे पाहिलं, परका माणूस पाहावा तसं.

“मन्हा बाप हाईच दोरी वढे, मी बी वढस. दाखला कसाना, भाऊसाहेब?”

उपासनी म्हणाले, “वरचा हुकूम आहे, जेठ्या.”

“मंग मी आते काय करू?”

उपासनींनी त्याचं नाव धर्मादायासाठी घालून पाहिलं. ते परत आलं. इसम धडधाकट आहे, खडीवर जावं किंवा धंदा शिकावा. खडीवर त्या वेळी नवी माणसं घेत नव्हते. राहता राहिला धंदा, आणि तालुक्यात धंदा शिकवणारा सरकारमान्य वर्ग एकच होता.

अशा रीतीने जेठ्या उपासनींच्या ओट्यावर पंखा ओढायला शिकायला आला.

तो आला, दोरी अंगठ्याला बांधली आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. आत उपासनी सतरंजीवर पडले होते. असा वारा त्या पंख्याला कधी सुटला नव्हता. पलंगपोसाच्या झालरीचं एक टोकसुद्धा वाकडं फडकत नव्हतं. छगनशेट लगेच झोपले. उपासनी उघड्या डोळ्यांनी आढ्याकडे बघत राहिले. वर्ग चालू असेपर्यंत शिकणाऱ्याला घरून भाकरी द्यायची असा नियम त्यांनी आपल्यापुरता केला होता, म्हणून त्यांनी जेठ्याची परीक्षा जमेल तितकी लांबवली. पण जेठ्याच्या घरी खाणारी तोंडं बरीच होती. एक दिवस तो आला नाही. बायकापोरं घेऊन सुरतेकडे गेला असं कळलं. कुणी म्हणालं, तिकडे गिरण्यांत काम मिळतं. कुणी म्हणालं, नाही मिळत. तो परत आला नाही, एवढं नक्की.

योजनेबद्दल वरून शाबासकी आली आणि उपासनी अव्वल कारकून झाले. निर्मलाबाईंनी गल्लीत साखर वाटली. पोस्टमास्तरांनी ती खाल्ली, आणि आपण पहिल्यापासून उपासनींच्या बाजूचेच होतो असं सांगितलं. उपासनी नव्या खुर्चीवर बसले, ती नेमकी पंख्याखाली येत होती. डोक्यावर वारा लागला की त्यांना मान खाली घालून बसावंसं वाटे.

मृगानंतर हवा गार झाली आणि शिपायाने कचेरीतला पंखा उतरवून गुंडाळून ठेवला. पंख्याची नोकरी उन्हाळ्यापुरती असते, हे सगळ्यांना माहीत होतं. जेठ्या बाकीचे महिने शेतावर जाई. धनीबाई कुठे जाणार होती? ती उपासनींच्या ओट्याशी येऊन बसली.

“पंखा गुंडाळी दिना. आते?”

उपासनींनी आतून ज्वारी आणवली आणि तिच्यापुढे ठेवली. तिने हात लावला नाही.

“मी काम शिकनी. आते फुकटनं कसं लेऊ? तूच सांगं व्हतं.”

“अगं, ते मी तेव्हा बोललो.”

“मंग काय, खोटं व्हतं?”

उपासनींनी मागे वळून माजघरात पाहिलं. घरातला पंखा अजून टांगलेलाच होता. ते म्हणाले, “बरं, आमच्याकडचा ओढ.”

त्या दिवसापासून उपासनींच्या माजघरात पंखा चालू झाला तो थांबेना. पाऊस झाला, बरा झाला. पिकं आली, पण ती ज्यांची शेतं त्यांच्याकडे गेली. धर्मादाय बंद झाला. खात्या कुठे गेला ते कुणी पाहिलं नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, थंडी पडली. पहाटे विहिरीच्या पाण्यावर वाफ दिसायची असे ते दिवस, आणि उपासनी नवराबायको घोंगड्या पांघरून, कान बांधून, हलत्या पंख्याखाली बसलेली. दूध चुलीवरून आणेपर्यंत गार होई. निरांजन देवापुढे टिकत नसे. निर्मलाबाई खोकत आणि घोंगडी आणखी घट्ट ओढून घेत. छगनशेट एकदा आत डोकावले, उशी काखेत तशीच धरून मागे फिरले, आणि पेठेत सांगत सुटले की अव्वल कारकुनी डोक्यात गेली म्हणजे माणसाला हिवाळ्यातही पंखा लागतो. उपासनींच्या कानावर ते आलं. खरं कारण सांगावं तर ते जास्तच वेडेपणाचं दिसत होतं.

एकदा भिंतीपलीकडून धनीबाईने विचारलं, “तुले हिव नही लागस का?”

“नाही,” दात आवरत उपासनी म्हणाले. “माझी प्रकृती उष्ण आहे.”

पौषात त्यांना ताप आला. साधाच असावा, पण ताप हा शब्द अजून घराघरांत दबक्या आवाजात उच्चारला जात होता. निर्मलाबाई घाबरल्या. त्यांनी पंख्याची दोरी सोडली, कडीला टांगलेल्या शिंक्यात वरवंटा ठेवला आणि दोरीचं टोक त्या शिंक्याला बांधलं. वजन साधारण सारखं होतं. पंखा बंद, आणि धनीबाईला काम आहेच. त्यांना वाटलं, भिंतीपलीकडून काय कळणार?

बाहेर दोरी थोडा वेळ सरकली आणि थांबली.

“वं माय,” धनीबाई म्हणाली, “हाई पंखा नही. दगड शे.”

अंथरुणावरून उपासनींनी उठायचा प्रयत्न केला, पण त्यांचा तोल गेला. दारापर्यंत कुणी जाईतो धनीबाईने दोरी नीट गुंडाळून ओट्यावर ठेवली होती आणि काठी टेकत ती पेठेच्या दिशेला लागली होती. त्या दिवसाची ज्वारी कोनाड्यात तशीच राहिली.

ताप उतरून हिंडते झाल्यावर उपासनींना कळलं की धनीबाई गावच्या माणसांबरोबर परत डोंगरात निघाली आहे. बाजार उठला की ती माणसं वाटेला लागणार होती. त्यांनी निर्मलाबाईंकडून ज्वारीचं मोठं गाठोडं बांधून घेतलं आणि वेशीकडे गेले. वडाखाली ती माणसं बसली होती. फुकट दिलं तर ती घेणार नाही, हे ठरलेलंच. वाटेत उपासनींना एक युक्ती सुचली होती आणि ती त्यांना फार आवडली होती.

“धनीबाई, एक काम आहे. हे गाठोडं अक्कलकुव्याला पोचवायचं. तिथे बाजारात माझे मेहुणे राहतात, नरहरपंत. मजुरी तेच देतील.”

निर्मलाबाईंना सख्खा, चुलत, कसलाच भाऊ नव्हता. अक्कलकुव्यात उपासनी कुणालाच ओळखत नव्हते. नरहरपंत सापडणार नाहीत, गाठोडं तिच्याकडेच राहील, आणि कुणाच्याच मानाला धक्का लागणार नाही, असा त्यांचा हिशेब. सापडले नाहीत तर तूच ठेव, असं जिभेवर आलं होतं, पण त्याने तिला संशय येईल म्हणून त्यांनी ते गिळलं.

“काय नाव म्हनं?”

“नरहरपंत.”

तिने नाव दोनदा घोकलं, गाठोडं डोक्यावर घेतलं आणि एका बाईच्या खांद्यावर हात ठेवून चालू लागली. उपासनी घरी आले ते बऱ्याच दिवसांनी हसत आले, आणि त्यांनी निर्मलाबाईंना आपली युक्ती सांगितली. त्या रात्री थांबलेल्या पंख्याखाली बसून दोघांनी गरम पिठलं खाल्लं.

होळी होऊन गेल्यावर एका दुपारी एक माणूस दारात आला. डोक्याला मुंडासं, पायांवर दूरच्या वाटेची धूळ, हातात गाठोडं. त्याने नाव सांगितलं, रायसिंग, धनीबाईच्या गावचा. गाठोडं ओट्यावर ठेवून तो म्हणाला, “धनीबाईनी धाडं. तो मानूस सापडना नही. तिनी बठा बजारमा पुसं. मंग दर बजारले जायीसन पुसे.”

उपासनींनी गाठोड्याकडे पाहिलं. निर्मलाबाईंनी मारलेल्या गाठी जशाच्या तशा होत्या.

“ती कुठे आहे?”

“गयी. होळीना पहिले.” रायसिंगने गाठोडं थोडं पुढे सरकवलं. “जातांना सांगं, भाऊसाहेबनं शे, त्याले देई ये. पोचाडं नही, म्हनीसन मजुरी नको, असं बी सांगं.”

“तिच्याजवळ खायला काही होतं का?”

“जंगलमा जे भेटे ते खाये,” रायसिंग म्हणाला. मग जरा अवघडून त्याने विचारलं, “तो कोन व्हता? पत्ता दिशी ते मी पोचाडी देसू. तिना जीव त्यामाच व्हता.”

उपासनी गाठोड्याच्या गाठी चाचपू लागले. निर्मलाबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. त्या पदर डोक्यावरून पुढे घेत बाहेर आल्या.

“माझा भाऊ होता,” त्या म्हणाल्या. “वारला तो. तुम्हांला कसा सापडणार?”

रायसिंगने त्यांच्याकडे पाहिलं. त्याने डोक्याचं मुंडासं सोडून मांडीवर घेतलं आणि ओट्यावर, गाठोड्याच्या बाजूला, मान खाली घालून बसला. कुणाच्या घरी दुखवट्याला जावं तसा. उपासनी त्याच्या शेजारी बसले. निर्मलाबाई उंबऱ्यावर टेकल्या, आणि त्यांना रडू आवरेना. रायसिंग हळू आवाजात त्यांची समजूत काढू लागला, भाऊ गेलेल्या बाईची काढतात तशी.